डीकन टॉलिव्हरची दाढ

मॅरो क्रीकमध्ये डॉक्टर वर्लीन हॅचर यांच्या खुर्चीत कोण बसलं नाही, असं विचारलं तर गावात एकच नाव निघायचं. चर्चचा कारभार पाहणारा डीकन अलॉन्झो टॉलिव्हर.

अलाबामाच्या त्या भागात काळ्या माणसांतली पहिली दातांची डॉक्टर म्हणजे वर्लीनबाई. सुरुवातीला लोक दवाखान्यात यायला कचरत. मग बाईंनी घडीची खुर्ची गाडीत टाकली आणि शाळा, कापसाचं जिनिंग, न्हाव्याचं दुकान, जिथे माणूस सापडेल तिथे त्याचं तोंड उघडायला लावलं. एकदा तर अंत्यविधीच्या जेवणात मयताच्या भावाची दाढ तपासली. तो भावासाठी रडत होता की दाढेसाठी, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

डीकन मात्र त्यांच्या हाती लागला नाही. प्रार्थनेत बाईंचं नाव पहिलं घेणारा तोच, दवाखान्याचं गळकं छप्पर फुकट दुरुस्त करणाराही तोच. पण बाई समोरून आल्या की हा रस्ता ओलांडायचा. हसायचा तोंडावर हात धरून. बायको मॉझेल म्हणायची, "माझा नवरा सैतानाला भीत नाही, तुमच्या पकडीला भितो."

सोमवारपासून बाई निवृत्त होणार होत्या. साऱ्या गावाचे दात पाहिले आणि हा एक राहिला, याची त्यांना मनापासून रुखरुख होती.

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार झाला. सूत्रं डीकनकडेच. बाईंच्या छातीवर फुलं टोचून त्यांना मधल्या टेबलाशी बसवलं. सत्कारमूर्तीनं काही करायचं नाही, नुसतं हसायचं. वक्त्यांना दोन-दोन मिनिटं दिली होती, पण चर्चच्या जुन्या सभासद सिस्टर युलाली बोलायला उभ्या राहिल्या आणि बाईंच्या जन्माच्याही आधीपासून त्यांनी सुरुवात केली.

बाईंचं लक्ष डीकनच्या बशीकडे होतं. मॉझेलच्या हातचा केक समोर आणि हा गडी त्याला शिवत नाही. बर्फ घातलेल्या चहाचा घोट घेतला आणि त्यानं डोळे गच्च मिटले. डावा गाल जरासा वर आला होता.

बाई उठल्या आणि त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यानं फ्रिजची मूठ घट्ट धरली.

"डॉक्टरबाई, उद्या बघू."

"उद्या मी निवृत्त."

"म्हणूनच उद्या म्हणतोय."

बाईंना हसू आलं, पण त्याला आलं नाही. तो खाली बघत म्हणाला, "लहान होतो. तेव्हा गोऱ्या डॉक्टरकडे आपल्याला मागच्या दारानं घ्यायचे, बाकीचे सगळे गेल्यावर. आईनं बधिर करायची सुई मागितली. तो म्हणाला, कशाला, ह्या काळ्या लोकांना दुखत नाही."

त्या कधीच मेलेल्या डॉक्टरचा बाईंना असा संताप आला की हातातला पेला त्यांनी ओट्यावर आपटला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुई देईन. पूर्ण बधिर झालं असं तुम्ही म्हणाल, तेव्हाच हात लावीन. नाही म्हणालात तर परत येऊन केक खाऊ."

दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. त्याचं मागचं दार जवळ पडत होतं. बाईंनी वळसा घालून पुढचं दार उघडलं.

दोघं परत आले तेव्हा सिस्टर युलाली बाईंच्या शाळेच्या दिवसांपर्यंत पोचल्या होत्या. मॉझेलनं नवऱ्याचा गाल पाहिला आणि युलालीबाईंना हाताला धरून खाली बसवलं.

डीकन माइकपाशी गेला. खिशातून भाषणाचे कागद काढले. चांगला जाड गठ्ठा होता, तो पाहून लोकांनी खुर्च्यांवर नीट बूड टेकलं. पण त्याच्या तोंडात कापसाचा बोळा, अर्धा ओठ लोंबतोय, लाळ हनुवटीवर. दोनदा प्रयत्न केला, शब्द काही फुटेना. शेवटी त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवले आणि सवयीनं तोंडावर हात धरला.

"देवा, तू आहेस," मॉझेल पुटपुटली आणि आजूबाजूचे हसले.

डीकननं तोंडावरचा हात काढला. बाईंकडे बघत, बोबड्या जिभेनं, सावकाश म्हणाला, "दुखलं नाही."

पोरं खिदळली. मागच्या टेबलांवरची म्हातारी माणसं मात्र हसली नाहीत. ती एकेक करून उभी राहिली.