राजसअक्काच्या न्हाणीची टाइल

नारळ असो की भिंत, राजसअक्का आधी बोटाने वाजवून बघे. कॉफी उंचावरून, ओठ न लावता. धोब्याकडून आलेली साडी उलगडून पुन्हा स्वतः घडी घाली. भावाचं बोलणं संपायच्या आत "सरी, सरी" असा तमिळमध्ये होकार देऊन मोकळी होई.

मद्रासच्या वेस्ट मांबलममधलं ते घर तिच्या वडिलांचं, पण नावावर धाकट्या भावाच्या, एकोजीच्या. तंजावरहून आलेली माणसं. अक्काने लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, आईचं शेवटपर्यंत केलं. मी शेजारची. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं ते तिच्या ओसरीवर बसून. एकोजीला मी मामा म्हणायचे.

१९९४ साली ती निवृत्त झाली. मामा म्हणाला, "अक्का, न्हाणी नवी करू. टाइल तू निवड. घाई नाही."

तिने घाई केली नाही. दुकानातून नमुने आणून तपासले. सिरॅमिकचा तुकडा उलटा करून पाणी घातलं की तो पिऊन टाकी. पोर्सलेनवर पाणी तसंच उभं राही.

"भिंतीला सिरॅमिक चालेल," ती म्हणाली. "खाली पोर्सलेन, खरखरीत. मला इथे म्हातारं व्हायचंय, घसरायचं नाही."

आम्ही दुकानात सांगायला गेलो. दुकानदार राममूर्ती म्हणाला, "टीचरम्मा, एकोजी सारांनी ऑर्डर दिली की. आठही बाथरूमना सिरॅमिक."

"आमच्याकडे एकच आहे."

"आता एक. पोंगलनंतर घर पाडलं की फ्लॅट आठ." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "यांना माहीत नाही?"

संध्याकाळी मामा आला. अक्काने कॉफी दिली.

"आठांतला माझा कोणता?"

"तांबरमला तुझ्यासाठी खोली बघितलीय. तुझ्याच वयाच्या बायका आहेत तिथे. जेवण हातात."

"मग टाइल कशाला निवडायला लावलीस?"

"तू कामात असलीस की काही विचारत नाहीस, अक्का."

मामाच्या आवाजात राग नव्हता. मी ओसरीवर होते.

पोंगलच्या आधीच ती तांबरमला गेली. दारं-खिडक्या लावायला किल्ली मला दिली होती. न्हाणीतली जमीन कोरडी होती. जाण्याआधी काही दिवस अक्का आमच्याकडे अंघोळीला येत होती, ते का, हे तेव्हा कळलं. कुठली टाइल कापावी लागेल हे गवंड्याला दाखवायला तिने खडूने चौकोन आखले होते. दारापासून नळापर्यंत. मोरीकडच्या कोपऱ्यातले आखायचे राहिले होते.