अर्जातली तिसरी ओळ

शाळेच्या ऑफिसात मला बसायला खुर्ची दिली, पण आधी तिच्यावर पेपर पसरला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, नुसती मान हलवली. शिपाईबाईने कपाटावरचा जुना पेपर काढला, सीटवर दोन्ही हातांनी सारखा केला आणि मला म्हणाली, "बसा." शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाची तरी आई बसलेली. तिच्याखाली पेपर नव्हता.

मी मासे विकते. वर्सोव्याची कोळीण. त्या दिवशी मी धंदा बंद ठेवला होता. आंघोळ करून, घडीची साडी नेसून, केसात अबोली माळून गेले होते. मासळीला हातसुद्धा लावला नव्हता. तरी पेपर. आणि मी बसले. हे आधी सांगते, कारण लाज तिथून सुरू होते. मी त्या पेपरावर मुकाट बसले.

माझी मुलगी धनू, शाळेत धनश्री. नववीचा निकाल लागला होता, तीन विषयांत गेली होती. अंधेरीची शाळा, चांगल्या नावाची. फाटकावर भलामोठा फलक, दहावीचा निकाल शंभर टक्के. धनूला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते.

धनूच्या वर्गाच्या बाई म्हणजे मेघना मॅडम. त्यांचं मला कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. सात वर्षं माझं गिऱ्हाईक. दर रविवारी मार्केट उघडायच्या आधी येऊन उभ्या राहायच्या आणि पहिली मासळी त्याच घ्यायच्या. आमच्यात पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. कुणाच्याही हातची भवानी घेत नाही आम्ही. ज्याच्या हाताला गुण, त्याचीच. मेघना मॅडमच्या हाताची भवानी झाली की टोपली दुपारपर्यंत रिकामी व्हायची. मी त्यांना वरून चार बोंबील जास्त घालायचे आणि म्हणायचे, "मॅडम, माझ्या धनूकडे बघा हां." त्या म्हणायच्या, "मावशी, ती माझीच मुलगी आहे."

एकदा मला ताप होता तेव्हा धनू तासभर टोपलीशी बसली. मॅडमनी बघितलं. पुढच्या रविवारी मी स्वतःहून सांगितलं, "मॅडम, एकच दिवस हां. माझी आये टोपलीवर म्हातारी झाली, मी होतेय. हिचा हात मी टोपलीला लागू देणार नाय. ही शाळेतून दहावी होणार, आमच्या घरातली पहिली." मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. शपथ सांगते, माझे डोळे भरून आले होते.

तर त्या दिवशी ती दुसरी आई उठून गेल्यावर ऑफिसात मोठ्या बाई, मेघना मॅडम, मी आणि धनू. मोठ्या बाई माझ्याकडे बघून बोलतच नव्हत्या. मॅडमकडे बघून बोलायच्या, मग मॅडम मला सांगायच्या. जसं काही मला मराठी कळत नाही.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, शाळेत ठेवली तर नववीतच राहील. वर्ष फुकट. त्यापेक्षा दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसेल. वर्ष वाचेल तिचं."

मी विचारलं, "दुसरा काय मार्ग नाय?"

"नाही ना. असता तर मी तुम्हाला सांगितला नसता का?"

धनू माझा पदर ओढत होती. "आये, मना दाखला नको." मी तिच्यावरच डाफरले. गप गो, मॅडम बोलतायत ना. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अर्ज तयारच होता. छापलेला. मी हात पुढे केला तर मॅडमनी तो स्वतःकडे घेतला. "तुम्ही कशाला त्रास घेता, मी वाचून दाखवते." वाचला. मुलीला बाहेरून दहावीला बसायचं आहे, तरी शाळा सोडल्याचा दाखला मिळावा. मी सही केली.

लोक म्हणतील, काय बाई आहेस, न वाचता सही करतेस? ऐका. आमच्या मच्छीमार सोसायटीत असंच असतं. डिझेलचा कागद असो, होडीच्या परवान्याचा असो, क्लार्क वाचतो, आम्ही सही करतो. तो आमच्याच गल्लीतला. एक ओळ जरी गाळली तर उद्या त्याला त्याच गल्लीतून जायचंय. आणि लिलावात तर कागदच नसतो, तोंडातून भाव निघाला की झाला. ऐकलेलं खरं मानायची आम्हाला सवय. ऑफिसातही मी तेच केलं.

आणि दुसरं कारण. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला वाचता येतं, सातवी झालेय, पण मी बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की अडते. अक्षरं जागेवर राहत नाहीत, ब चा व होतो, ओळ सुटते. शाळेत बाई म्हणायच्या, ढ आहेस, जा मासे वीक. म्हणून त्या दोघींसमोर बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली. चार ओळी होत्या फक्त. चार ओळींची लाज वाटली मला.

दाखला हातात आला आणि धनू एकदम मुकी झाली. सकाळी माझ्याआधी उठायची. बर्फ फोडायची, कोळंबी सोलायची, टोपल्या धुवायची. मी म्हणायचे, राहू दे गो बाय, अभ्यास कर. ती ऐकायची नाही. मला वाटलं, नापास झाली म्हणून मन रमवतेय.

फॉर्मचे कागद जमा करायला मालाडची एक शाळा मिळाली. तिथल्या कारकूनबाई चष्म्यातून दाखला बघत बसल्या, मग शाळेने त्याला जोडलेली अर्जाची झेरॉक्स बघितली. त्या तुटकपणे म्हणाल्या, "पोरीला मासळीच्या धंद्याला लावायचंय ना तुम्हाला? मग दहावीचा फॉर्म कशाला भरताय?"

मी म्हटलं, "कोण लावतंय?"

त्यांनी अर्ज माझ्याकडे फिरवला. तिसऱ्या ओळीवर पेन ठेवलं. मी वाकून बघितलं, पण अक्षरं जागेवर राहिनात. शेवटी त्यांनीच वाचलं. "मुलीची मासळीविक्रीच्या धंद्यात मदत लागत असल्याने तिला नियमित शाळेत पाठवणे आम्हाला शक्य नाही."

खाली माझी सही. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात माझं नाव.

मी धनूकडे बघितलं. तिच्या तोंडावर नवल नव्हतं. खाली बघून म्हणाली, "मना म्हाईत हाय. दाखला घेतला त्या दिवशी मॅडमनी वर्गात सांगितलेलं. धनश्रीच्या आईला तिची धंद्यात गरज आहे म्हणून."

महिनाभर माझी पोर समजत होती की मी तिला शाळेतून काढली. म्हणून बर्फ फोडत होती. म्हणून बोलत नव्हती. आणि मी तिला अभ्यास कर म्हणत होते!

मेल्या बाईने माझंच वाक्य घेतलं. मी विश्वासाने सांगितलं होतं की हिचा हात टोपलीला लागू देणार नाही, आणि तिने तेच उलटं करून माझ्या नावावर लिहिलं. परक्या बाईने लिहिलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. हिला मी सात वर्षं भवानी दिली होती.

कारकूनबाई उठल्या, पाण्याचा ग्लास पुढे केला. मगाचा तुटकपणा गेला होता. म्हणाल्या, "नववीला फेरपरीक्षा असते. सांगितलं नाही तुम्हाला?" नाही सांगितलं. धनूने फॉर्मवर लिहिलेलं नाव त्यांनी दोनदा बघितलं. त्यात ध आणि न ची अदलाबदल झाली होती. "हिची कधी तपासणी केलीत? काही मुलांना अक्षरं ओळखायलाच अडचण असते. हुशार असतात, पण वाचन जमत नाही. सरकारी इस्पितळात तपासतात. तसा दाखला मिळाला तर पेपरला जास्त वेळ मिळतो, लागला तर लेखनिक मिळतो. पण आधी शाळेचं पत्र लागतं. शाळेला हे सगळं माहीत असतं."

शाळेला माहीत असतं. ते वाक्य माझ्या कानात बसलं. धनू पाचवीपासून तिथे होती. त्यांना माहीत होतं. फाटकावरच्या त्या फलकात माझी पोर बसत नव्हती, म्हणून तिला बाहेर काढली, आणि काढल्याचं पाप माझ्या सहीने माझ्याच माथी मारलं.

फॉर्म जमा केला नाही. दुसऱ्या दिवशी मार्केटमधून उठले ती थेट शाळेत. हाताला बांगड्याचा वास, साडीचा काष्टा तसाच, धनू बरोबर. साडी बदलायला घरी गेले नाही. मुद्दाम नाही गेले.

शिपाईबाई पेपर शोधायला लागली. मी म्हटलं, "राहू दे बाई, तो पेपर वाचायला ठेव," आणि खुर्चीत बसले. मोठ्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. लावू दे.

मी अर्ज टेबलावर ठेवला. "हा मी आज वाचणार. वेळ लागेल. बसा दोघी."

मेघना मॅडम हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "अहो मावशी, असं मनाला लावून घेऊ नका, धनश्रीच्या भल्यासाठीच..."

"मॅडम, माझं वाचून होऊ दे."

आणि मी बोट ठेवलं. पहिला शब्द, दुसरा शब्द. 'विद्यार्थिनी'वर अडले. मागे गेले, परत आले. शाळेचे कारकून दारात उभे राहिले. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. मला घाम फुटला, सातवीच्या वर्गात फुटायचा तसाच. पण मी थांबले नाही. तिसऱ्या ओळीला आले आणि तो एक एक शब्द मोठ्याने म्हटला, बाहेरच्या बाकावरच्या आयांना ऐकू जाईल असा. मग विचारलं, "ही ओळ त्या दिवशी का नाही वाचली?"

मॅडम भिंतीकडे बघत होत्या.

"हे खोटं आहे. मी हे कधी बोलले नाही. दाखला परत घ्या. फेरपरीक्षा घ्या. आणि इस्पितळासाठी पत्र द्या. नाहीतर हाच कागद घेऊन मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाऊन बसेन आणि तिथेही असाच वाचेन."

मोठ्या बाई पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलल्या. "तसा अर्ज द्यावा लागेल."

मेघना मॅडमनी लगेच कोरा कागद ओढला. "मी लिहून देते."

"नको. मी लिहिते."

तासभर लागला. चार ओळी. काना चुकला, वेलांटी चुकली, दोनदा खोडलं. धनू माझ्या खांद्यावरून बघत होती. हळूच म्हणाली, "आये, तुझी पण अक्षरं उलटी पडतात?" मी म्हटलं, "हो गो बाय. माझी पण." इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही ते एकमेकींपासून लपवलं होतं. अर्जाची पोच घेतली, शिक्का मारून, आणि मगच उठले.

शाळेला दाखला परत घ्यावा लागला, पत्रही द्यावं लागलं. धनू फेरपरीक्षेला बसली आणि काठावर पास झाली. इस्पितळात चार खेपा घातल्या, तिला अक्षरांच्या अडचणीचा दाखला मिळाला. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का? धनूने माझ्याकडे बोट दाखवलं. मला हसू आलं नाही. मला ढ म्हणणाऱ्या सगळ्या बायांची तोंडं आठवली.

मेघना मॅडम महिनाभराने मार्केटात आल्या, सकाळीच, सवयीने. हात पुढे केला. मी म्हटलं, "थांबा. आधी दुसऱ्या कुणाची भवानी होऊ दे." वीस मिनिटं उभ्या राहिल्या. मग मी मासळी दिली, भाव तोच लावला, वजन नीट केलं. वरचे बोंबील मात्र घातले नाहीत. धंद्यात कुणाला मासळी नाकारणार नाही मी, पण त्या हाताची भवानी या जन्मात घेणार नाही.

आता शाळेने कुठल्या आईला एकटीला ऑफिसात बोलावलं की ती आधी माझ्याकडे येते. मी तिच्या शेजारी बसते. कागद आला की म्हणते, आण इकडे, वाचू. बोट ठेवून वाचते. कंटाळा येणाऱ्याला येऊ दे.

धनू दहावीत आहे, त्याच शाळेत, शेवटच्या बाकावर. परीक्षा पुढे आहे. पास होईल की नाही, मला माहीत नाही. मी कुणाला नवस बोललेले नाही. नापास झाली तर त्या शाळेच्या नावावर नापास होईल, त्यांच्या यादीत, त्यांच्या निकालात. फाटकावरचा तो फलक त्यांना उतरवावा लागेल. उतरवू दे. मी समोर उभी राहून बघेन, आणि पोरीला परत परीक्षेला बसवेन, त्याच शाळेतून. तिला बाहेर काढायचा कागद आता माझ्या सहीने निघणार नाही.