अमावास्येची तयारी

माझे यजमान चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. लोखंडी सुटे भाग मापून बघायचे, बसले तर ठेवायचे, नाही तर बाजूला काढायचे, हे त्यांचं दिवसभराचं काम. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन गच्चीवर. आकाशाचं हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला कधी कळलं नाही. त्यांच्या घरात सगळे शेतकरी. ढगांसाठी वर बघायचे, ताऱ्यांसाठी कुणी बघितल्याचं ऐकिवात नाही.

दर हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, ते कारखान्यातली आणि कॉलनीतली माणसं गोळा करून गंगापूरच्या पलीकडं न्यायचे. तिथं माझ्या धाकट्या दिरांची शेती आहे. बाजरी निघालेल्या रानात ताडपत्र्या अंथरायच्या, दुर्बीण उभी करायची आणि उजाडेपर्यंत आकाश बघायचं. आजूबाजूला दिवा नाही, वस्ती नाही.

दिवाळी उरकली की आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरायची नाही. सतरंज्या, पाण्याचे जार, दोऱ्या, कंदील. गुलमंडीतून लाल जिलेटिनचा कागद यायचा. तो कापून प्रत्येक टॉर्चच्या काचेवर रबराने बांधायचा, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि बारीक तारे मग दिसत नाहीत. हे कापाकापीचं काम यजमान स्वतः करायचे, दुसऱ्याला देत नसत. माझ्याकडं स्वयंपाक. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सकाळच्या चहाची साखर वेगळी बांधून.

मी मात्र एकदाही गेले नव्हते. आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांच्यानंतर मुलांच्या परीक्षा. पुढं यजमानांनी विचारायचं सोडलं आणि मलाही त्याचं काही वाटेनासं झालं. टेम्पो गेला की मी खोल्या झाडून घ्यायची.

त्या वर्षी श्रावणात त्यांना लकवा झाला. सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश गळून पडला आणि ते भिंतीला धरून खाली बसले. उजवा हात आणि पाय गेला. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालायला लागला, हात नाही. बोलणंही गेलं, पण सगळं नाही. तीन शब्द उरले. व्हय, नाय आणि सोमवार.

सोमवारच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ते म्हणाले, "यांना समजतं सगळं. डोक्यात शब्द आहे, पण तोंडातून दुसराच बाहेर पडतो. काहींचं सुधारतं." चहा हवा असला की ते म्हणायचे सोमवार. पंखा बंद कर, सोमवार. मुलाचा पुण्याहून फोन आला की रिसीव्हर कानाला लावून हळू आवाजात सोमवार, सोमवार. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना ऐकू यायचं. बोलून झालं की ते डोळे मिटून घ्यायचे. ज्या माणसाने आयुष्यभर चुकीचा भाग बाजूला काढून ठेवला, त्याच्या तोंडून दिवसातून किती वेळा तरी चुकीचा शब्द निघायचा, आणि तो बाजूला काढता येत नव्हता.

दिवाळीनंतर त्यांचे कारखान्यातले एक मित्र घरी आले. जुन्या शहरात राहणारे, टूलरूममध्ये काम करणारे. दुर्बिणीचा स्टँड त्यांनीच बनवला होता. मला भाभी म्हणायचे. खुर्ची ओढून यजमानांच्या शेजारी बसले आणि त्यांनी सरळ विचारलं, "भाई, इस साल क्या करना? रद्द करायचं का?"

यजमान म्हणाले, "नाय." मग काठी घेऊन उठले, माळ्याखाली जाऊन उभे राहिले आणि काठीने वरची लाकडी पेटी दाखवली. दुर्बिणीची पेटी.

अशी त्या वर्षी तयारी सुरू झाली. डाव्या हाताने कात्री धरता येईना, तर ते कागद गुडघ्याखाली दाबून ब्लेडने कापायचे. तुकडे वेडेवाकडे निघायचे. मी तसेच बांधत गेले. पण माणसं जमली की त्यांना आकाश कोण समजावून सांगणार, हा प्रश्न होताच. तो कुणी उघड बोलून दाखवत नव्हतं.

एके दिवशी मित्र एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन आले. आदल्या वर्षी त्यांच्या पोराने शिबिरात यजमानांचं बोलणं टेप केलं होतं. मला स्वयंपाकघरात गाठून ते म्हणाले, "भाभी, हीच लावू. आवाज भाईचाच. ते शेजारी बसतील, टेप बोलेल." मला ते पटलं. खरं तर आनंदच झाला. आम्ही बाहेरच्या खोलीत टेप लावली.

खरखर झाली आणि त्यांचा आवाज आला. "आता सगळ्यांनी टॉर्च बंद करा. डोळ्यांना जरा सवय होऊ द्या. घाई नाही आपल्याला." श्रावणापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. यजमान आधी हसले. पुढं सरकून ऐकायला लागले. टेपमध्ये ते मृगाची गोष्ट सांगत होते, हरणाच्या पोटात रुतलेला बाण कुठं, बाण मारणारा व्याध कुठं. त्यांचे ओठ हलायला लागले. त्यांना सगळं पाठ होतं. टेपबरोबर तेही बोलायला लागले, मोठ्याने, आणि टेपमधल्या प्रत्येक वाक्यावर त्यांचं सोमवार, सोमवार येत गेलं. थोडा वेळच. मग ते थांबले. डाव्या हाताने त्यांनी टेपचं बटण चाचपलं, ते सापडेना, तेव्हा वायर ओढून भिंतीतून काढली.

मित्र म्हणाले, "माफ करना, भाई." यजमानांनी मान भिंतीकडं वळवली. ते रडत होते, आणि तोंडाची उजवी बाजू हलत नसल्याने ते रडणंही अर्धंच दिसत होतं. त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी आत गेले. कॅसेट मित्र परत घेऊन गेले. पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही.

दोन-तीन दिवस ते काहीच करत नव्हते. मग एका दुपारी मी भांडी घासून आले, तर त्यांनी काळी घोंगडी जमिनीवर पसरली होती आणि ज्वारीचा डबा जवळ ओढला होता. डाव्या हाताने एकेक दाणा ठेवत होते. मला वाटलं चाळा असेल. पण त्यांनी मला बसायची खूण केली. तीन दाणे एका रेषेत, भोवती चार. मी बघत राहिले. म्हटलं, "मृग?"

"व्हय," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. मी एकेक डबा आणून दाखवला. हरभऱ्याच्या डब्यावर ते व्हय म्हणाले. बाणाच्या रेषेत खाली, जरा दूर, हरभऱ्याचा टपोरा दाणा ठेवला. हा व्याध. दुसऱ्या बाजूला मसुरीच्या डाळीचा लाल दाणा, ती रोहिणी. तिच्या पलीकडं चिमूटभर खसखस. मी बरीच नावं घेतली, ते नाय नाय करत गेले, शेवटी कृत्तिका म्हटल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

रोज दुपारी आमचं हे चालायचं. आधी ते मांडायचे आणि मी ओळखायची. मग मी मांडायची आणि ते चुकलेला दाणा बोटाने सरकवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी मला काही शिकवलंय असं त्याआधी झालं नव्हतं. ते मला कशासाठी तयार करताहेत ते मला समजलं होतं. "मी नाही बोलणार लोकांसमोर," असं मी एकदा म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पुढचं नक्षत्र मांडलं.

अमावास्येच्या आदल्या आठवड्यात दीर एसटीने आले. रान साफ झालंय, बैल दुसरीकडं बांधलेत, विहिरीवरचा दिवा त्या रात्री लावणार नाही, असं सगळं सांगितलं. मग स्वयंपाकघरात माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, दादाला न्यायलाच पाहिजे का?"

"त्यांची इच्छा आहे, भाऊजी."

"इच्छा आहे, व्हय. पण तिकडं थंडी लई. आन् लोकं येणार एवढी. त्यांच्यासमोर तोच तोच शब्द बोलंल. तोंडावर कोणी हसायचं नाय, पण माघारी हसतील. माझ्या दादाला कोणी हसलेलं मला नाय बघवायचं." त्यांचे डोळे भरून आले होते. ज्या भावाने त्यांना पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं, त्याच्याबद्दल ते बोलत होते.

"हळू बोला," मी म्हणाले. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता. पलीकडं यजमान घोंगडीवर बसले होते. मी पडदा सारून बघितलं. ते दाणे गोळा करून डब्यात भरत होते. नेहमी मीच भरायची. ऐकलं की नाही ऐकलं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. रात्री जेवले नेहमीसारखे. दिरांच्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली.

अमावास्येच्या दुपारी टेम्पो दारात आला. दीर सकाळीच आले होते, भावाला सांभाळून न्यायला. सतरंज्या, जार, दशम्यांचं टोपलं, सगळं चढलं. दुर्बिणीची पेटी मित्रांनी मांडीवरच घेतली. यजमानांना मी स्वेटर घातला, कानटोपी घातली. काठी टेकत ते फाटकापर्यंत आले आणि तिथं थांबले.

"चल, दादा. मी धरतो," दीर म्हणाले.

"नाय."

मित्र खाली उतरले. "भाई, तुमच्याशिवाय काय मजा? पुढं ड्रायव्हरजवळ बसा, धक्के नाही लागणार."

"नाय." आवाज चढलेला नव्हता. शांतपणे, स्पष्ट म्हणाले. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, माझ्याकडं बघितलं आणि फाटकाबाहेर हात केला.

"मी तुम्हाला टाकून कुठं जाणार नाही," मी म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या खांद्याला धरलं आणि मला बाहेर ढकललं. जोरात नव्हे, पण ढकललं. फाटक लावून घेतलं आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. टेम्पोतली माणसं बघत होती. त्यात शेजारच्या बायका होत्या, माझ्याबरोबर रोज भाजी आणणाऱ्या. मला रडूही येईना.

दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा. मी थांबतो दादापाशी."

मी गेले. त्या रानात पहिल्यांदा अंधार बघितला, तेव्हा वर एवढी गर्दी होती की घोंगडीवरचं काहीच मला सापडेना. मग पूर्वेला तीन दाणे एका रेषेत दिसले आणि मी तिथून सुरुवात केली. पुनर्वसू चुकीच्या जागी सांगितलं, मधेच देवयानी विसरले. पण सगळ्यांनी ऐकून घेतलं. बोलताना माझं सगळं लक्ष घराकडं लागलेलं. त्यांना जेवताना पाण्याचा पेला डावीकडं ठेवायचा असतो, हे दिरांना सांगायचं राहिलं होतं.

सकाळी परत आले तेव्हा यजमान खाटेवर टेकून जागे होते. मी कानावरची शाल न काढताच त्यांना सगळं सांगत बसले. कुठं काय दिसलं, मी कुठं चुकले, दुर्बिणीतून कुणी काय बघितलं. ते डोळे न हलवता ऐकत होते. पुनर्वसूची चूक सांगितली तेव्हा त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. मी विचारलं, "तुम्ही का नाही आलात?" त्यांनी तोंड उघडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मिटलं.

दीर दाराशी चप्पल घालत होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, "रातभर बसलो दोघं. मी विचारलं त्याला, माझ्यामुळं नाय गेलास का, तू ऐकलंस का माझं. तो काहीच बोलला नाय, वहिनी. व्हयबी नाय आन् नायबी नाय. नुसता माझा हात धरून बसला."

होळीच्या आधी यजमानांना दुसरा झटका आला आणि ते गेले. पुढच्या मार्गशीर्षात मित्र येऊन बसले, पण शिबिराचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. दुर्बीण गंगापूरकडच्या एका शाळेला दिली.

दीर आता म्हातारे झालेत. नातवाला घेऊन येतात, शेतातल्या तुरीच्या शेंगा आणतात. चहा झाला की कधी कधी इकडं तिकडं बघून तेच विचारतात. "वहिनी, दादाने ऐकलं असंल का हो त्या दिवशी?"

मी म्हणते, "नाही हो, भाऊजी. पडदा जाड होता." ते मान हलवतात. पडदा जाड नव्हता, जुन्या लुगड्याचा होता, आणि ते त्यांनाही माहीत आहे.