सिंधुबाईची सुगडं

सांगवीच्या कुंभारवाड्यात बाईनं चाकावर बसायचं नसतं. माती तुडवायची, गाडगी थापटायची, भट्टीला शेणी वाहायच्या, हे सगळं बाईनंच करायचं. चाक तेवढं पुरुषाचं. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण सिंधुबाईनं तो बावीस वर्षं पाळला. मग नवरा महिपती बारामतीला एका कंपनीत कामाला लागला, सासऱ्यांचे, म्हणजे रावजीआबांचे, हात कापायला लागले आणि चाकावर कोंबड्या बसू लागल्या.

गावातली बत्तीस घरं संक्रांतीची सुगडं अजून यांच्याकडूनच घेत. इंदापूरच्या बाजारात ट्रकनं आलेली रंगीत सुगडं मिळतात. एक वर्ष खाडा पडला की घरं तिकडं वळणार आणि पुन्हा फिरकणार नाहीत, हे सिंधुबाईला पक्कं ठाऊक होतं. घरं तुटू द्यायची नव्हती, म्हणून ती म्हणाली, "आबा, मी बसते चाकावर."

आबांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. "आदी कोंबड्या उठीव," म्हणाले.

दिवाळीनंतर शिकवणी सुरू झाली. शिकवणी कसली, बाजेवरून आबांच्या नुसत्या शिव्या. "अंगठा! अंगठा कुठं चाललाय तुजा?" सुगड ते केवढं, मुठीएवढं, पण तोंड वळलं तर बूड बसेना, बूड बसलं तर चाकावरून दोऱ्यानं कापताना फाटे. महिन्याभरानं हात वळला.

मातीनं मात्र घात केला. माती काढायच्या जुन्या जागेवर प्लॉट पडलेले, म्हणून तिनं कालव्याकाठची माती आणली. तिच्यात चुनखडी. "पिठाच्या चाळणीनं चाळ," आबांनी बजावलं होतं. पण रोजच्या भाकरीच्या पिठाची चाळण मातीत घालायला तिचं मन होईना. तिनं ज्वारीची, मोठ्या भोकांची चाळण घेतली. संसारी बाईची चूक ही. पुरुषानं बायकोची चाळण न विचारता उचलली असती आणि काम चोख झालं असतं.

संक्रांतीला दहा दिवस असताना भट्टी लावली. शेणी, पाचट, मधे सुगडं, वर राखेचा थर. तिसऱ्या दिवशी उघडली तर माल लालबुंद, टिचकी मारली की खणखणीत. सिंधुबाईला इतका आनंद झाला की तिनं शेजारणींना हाका मारून मारून दाखवला.

चार दिवसांनी एका सुगडाची खपली टपकन उडाली. आत पांढरा ठिपका. भाजलेल्या खड्याचा चुना झाला होता, आणि ओलावा ओढून तो फुगत होता. दुपारपर्यंत वीस सुगडं गेली. नवी घडवून, वाळवून, भाजायला दिवस उरले नव्हते.

"एका दिसाचं तर काम हाय," सणाला घरी आलेला महिपती म्हणाला. "गप देऊन टाक. कोण बघतंय?"

भोगीच्या सकाळी तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि दारोदार सांगत गेली, "उद्यापुरतं टिकंल. म्होरं फुटंल. माती चाळाय मी चुकले." चार घरांनी पाटी परत पाठवली. बाकीच्यांनी घेतली. म्हाताऱ्या कुशाबाई तर हसूनच म्हणाल्या, "अगं, तुज्या सासऱ्याची बी फुटायची. त्यो उंदराचं नाव सांगायचा!"

परत आल्यावर आबांनी विचारलं, "किती घरं गेली?"

"चार." मग तिनं उंदराचंही सांगून टाकलं.

आबा खोकला येईस्तोवर हसले. "कुशी मेली तरी इसरायची न्हाय." मग पाणी प्यायले. "सिंधू, माज्या तिरडीम्होरं धरायचं मडकं बाजारातनं आणू नगा. मला तुज्या हातचं पायजे."

सुगडं फुटली तेव्हा सिंधुबाई रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांना धार लागली. आबांनी तिला रडू दिलं. शेवटी पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं,

"केवढं करू, आबा?"