चीज, चिकू आणि काकवी

चीजचा डबा मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला वाटलं, पालघरच्या वाण्यानं चांगलंच फसवलं. आत पिवळाधमक गोळा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, आणि वास नासलेल्या दुधाचा. आमच्याकडे दूध नासलं की आई गुपचूप साखर घालून आटवायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. इथं लोक नासलेलं विकत घेत होते, तेही डब्यात बंद करून! तरी मी तो गोळा उकिरड्यावर टाकला नाही. त्या गोळ्यावर माझा संसार अडकला होता. हसू नका, खरं तेच सांगते.

साठ साल उलटून पाच-सात वर्षं झाली असतील. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं आणि आमचे हे तिथं इंजिनियर होते. आम्ही दोघंही सातारा जिल्ह्यातले. कॉलनीतली घरं अजून बांधून व्हायची होती, म्हणून चिंचणीला एका मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पुढे ओटा, मागे आड, आणि अंगणात बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. घरमालकीण आमच्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायची.

त्याच्या आदल्या वर्षी ह्यांना कामाचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला पाठवलं होतं. जायच्या आधी ह्यांनी मला विचारलं होतं, "जाऊ का? तुझं काय म्हणणं?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पदर नीट केला आणि म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." दुसरं काय म्हणणार? आम्हाला तसंच शिकवलं होतं. हे गेले, आणि मी वर्षभर सासरी साताऱ्याला भाकऱ्या थापत बसले.

परत आले ते निराळेच होऊन. वाईट नव्हे हो, उगाच पाप कशाला घेऊ? अंगाला बोट लावलं नाही, आवाज चढवला नाही. पण जेवायला बसले की मान खाली. जाण्यापूर्वी हा माणूस पिठल्यावर कच्चं तेल ओतून घेत गप्पांचा नुसता पाऊस पाडायचा. आता मी दारात उभी राहून विचारायची, "मीठ कमी झालंय का?" तर "नाही." "वांगं शिजलं नाही का?" तर "शिजलंय." मधूनच म्हणायचे, "तू पण बस ना." मी म्हणायची, "तुमचं होऊ द्या." मग हात धुऊन समुद्राकडे निघून जायचे. माझ्या मनानं घेतलं की ह्यांची चव तिकडेच राहिली. आणि चव राहिली म्हणजे मन राहायला कितीसा वेळ?

आणि झालंही तसंच. डिसेंबरात एका संध्याकाळी बसमधून उतरले ते सांगतच आले, की साहेबांनी पुन्हा विचारलंय. या खेपेला दोन वर्षं. बायकोला नेता येणार नाही. सोमवारी हो किंवा नाही सांगायचं. "तुझं काय म्हणणं?" मी पुन्हा दारातच. तोंडातून पुन्हा तेच निघालं, "तुम्ही म्हणाल तसं." ते चप्पल घालून बाहेर पडले.

त्या रात्री मी ठरवलं की ह्या माणसाला तिकडचं खाणं इथंच करून घालायचं. बघूच मग कसा जातो! दुसऱ्या दिवशी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडे तुम्हाला सगळ्यात काय आवडायचं हो?"

आणि काय सांगू, चेहराच उजळला! ते एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी राहत होते. बाहेर बर्फ पडायला लागलं की ती म्हातारी एका मातीच्या भांड्यात चीज घालायची, वर सुकी आंबटगोड फळं, अक्रोड, मधाची धार, आणि भट्टीत भाजायची. मग ते भांडं टेबलाच्या मधोमध. वाफा निघतायत, सगळे खुर्च्या ओढून जवळ सरकतायत, कडक बिस्किटांनी ओरबाडून खातायत, एकमेकांच्या बिस्किटाला बिस्किटं लागतायत... ते पुढे पुष्कळ बोलत होते. पण खरं सांगू? ते पुढचं मी ऐकलंच नाही. माझं डोकं सामानावर. चीज, फळं, अक्रोड, मध, भट्टी. यातलं एकही माझ्या घरात नव्हतं.

शुक्रवारी हे कामावर गेल्यावर मी एसटीनं बोईसर गाठलं आणि तिथून गाडीनं पालघर. उमरोळी गेल्यावर पलीकडच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, काय आणायला चाललात? मी म्हटलं, औषध. खोटं थोडंच होतं? पालघरला एक वाणी वीजकेंद्रावरच्या गोऱ्या साहेबांसाठी असलं सामान ठेवायला लागला होता. त्याच्याकडून दोन डबे घेतले. अक्रोड त्याच्याकडेही नव्हते.

पहिल्या डब्याची मी शनिवारी वाट लावली. माझा हिशेब असा, की दुधाचं आहे ना, मग खव्यासारखंच असणार. स्टोव्हवर पातेलं ठेवलं, गोळा किसून टाकला आणि परतायला घेतलं. अगं आई गं! आधी त्याला तेल सुटलं, मग तार आली, मग ते पातेल्याला असं चिकटलं की उलथनं उभं राहिलं. घरभर धूर. मावशी मासळीची पाटी टाकून धावत आली.

"काय जलतंय गो पोरी?"

"चीज."

तिनं कडेचा एक कण तोंडात घातला आणि आडाजवळ जाऊन थुंकून आली. "यो माणसाचा खाना नाय," म्हणाली. आणि मग माझं तोंड बघून म्हणाली, "आता रडू नको. सांग मना, काय करायचा हाय?"

मी सगळं सांगितलं. अमेरिका, भट्टी, सोमवार, सगळं. ओट्यावर बसून डोळे पुसत सांगितलं. मावशीला अमेरिकेचं काही पडलं नव्हतं, भट्टीचं मात्र नीट समजलं. ती तांदळाच्या पिठात गूळ घालून केळीच्या पानात गोड रोट भाजायची. मातीची तवली, खाली थोडे निखारे आणि झाकणावर जास्त. "आग वरतून द्यायची," ती म्हणाली. "खालतून दिली तर जलनारच." तवली देते म्हणाली, रविवारी निखारेही मीच घालीन म्हणाली.

जाता जाता तिनं विचारलं, "तू कदी जेवतेस गो?"

"ह्यांचं झालं की."

"मंग त्याला एकट्याला घास जातो कसा?"

मला रागच आला. मावशीच्या घरी होडी आली की ती, तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे एकाच थाळ्याभोवती बसायचे आणि मावशी खुशाल नवऱ्याच्या पुढचा मासा उचलायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लाजून आत पळाले होते. मनात म्हटलं, तुमची रीत तुम्हाला, आमची आम्हाला. पण तवली हवी होती, म्हणून तोंड मिटून घेतलं.

रविवार उजाडला. हे सकाळीच कुणा दोस्ताकडे बोईसरला गेले होते. मी सामान मांडलं. सुकी फळं कुठून आणू? चिंचणीत चिकूंना तोटा नाही, तेव्हा घट्टसर चिकूच्या फोडी केल्या. पण ते म्हणाले होते आंबटगोड. मग परसातली पिकलेली बोरं आठवली. बिया काढून तीही चिरली. अक्रोडाऐवजी आईनं गावाहून पाठवलेले शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, अर्धे केले. आणि मधाच्या जागी काकवी. दर साली गुऱ्हाळ लागलं की माहेरून एक बरणी यायचीच. त्या म्हातारीनं हे पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता, पण ती काय चिंचणीला येणार होती?

मावशीनं तवलीला आतून केळीचं पान लावलं. त्यावर चीज, वर चिकू, बोरं, शेंगदाणे, आणि काकवीची धार. झाकण घालून तिनं चिमट्यानं निखारे रचले आणि मला दहा वेळा हातावर चापट मारली, कारण मी सारखी झाकण उचलायला जात होते. "बस खाली! तुज्या बघण्यानं भाजनार नाय!" थोड्या वेळानं वास यायला लागला. पान करपल्याचा, गूळ जळल्याचा, आणि मधूनच दुधाचा, पण आता चांगला. झाकण काढलं तर वर तांबूस कवच आणि कडेनं बुडबुडे. मावशीनं पुन्हा चाखलं. या वेळी थुंकली नाही. "बोरां बरी लागतात," एवढंच म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

कडक बिस्किटांच्या जागी मी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या निखाऱ्यावर पापडासारख्या कडक करून ठेवल्या. हे घरी आले. मी पाट मांडला, पाटाभोवती दोन बोटं रांगोळी ओढली. चांगल्या चांदीच्या वाटीत तो पदार्थ काढला, बाजूला भाकरीचे तुकडे रचले, पाणी ठेवलं आणि दारात जाऊन उभी राहिले. लग्नात सुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

ते बसले. वाटीकडे पाहिलं, वास घेतला. एक तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला.

"हे... तू केलंस?"

"हो. चुकलं का?"

"चव झकास आहे," ते म्हणाले. "पण हे असं खात नाहीत."

एवढा खटाटोप, दोन डबे, पालघर, मावशीच्या चापट्या, आणि हे असं खात नाहीत! मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "मग कसं खातात? काटे-चमचे आणू का कुठून?"

"तवली कुठाय? ती आण. मधे ठेव. आणि तू समोर बस."

"मी? तुमचं होऊ द्या की."

"माझं होतच नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की मी चुपचाप तवली आणली. कधीच बसले नव्हते अशी ह्यांच्या समोर जमिनीवर बसले. पाटसुद्धा घेतला नाही, सुचलंच नाही.

"त्या घरी पहिल्यांदा हे खाल्लं," ते म्हणाले, "तेव्हा म्हातारा-म्हातारी एकाच भांड्यात बोटं घालून भांडत होते, अक्रोड कुणाचा म्हणून. मी त्यांच्याकडे बघत होतो. आणि एकदम मला कळलं, की आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी बायको घास कसा घेते, हे मी पाहिलेलंच नाही. तुला काय आवडतं तेही मला ठाऊक नाही. तुला सांगायला गेलो तर तू दारात. रोज दारात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला म्हणून मी भाकरीचा मोठा तुकडा तवलीत बुडवला आणि तोंडात कोंबला. अस्सं भाजलं! वर चीजची तार तुटेना. तोंडापासून तवलीपर्यंत लांबच लांब. मी हातानं तोडतेय, ती हनुवटीला चिकटतेय. हे पोट धरून हसायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा. मग मलाही हसू फुटलं आणि ठसका लागला. ह्यांनी आपल्याच तांब्यातलं पाणी माझ्या पुढे केलं. मी ते प्याले.

"शेंगदाणे आवडतात तुला," ते म्हणाले. "तेवढेच वेचून खातेयस."

"तुम्ही बोरं बाजूला काढताय, ती पण मीच खाणार आहे."

खाऊन खाऊन तळ दिसायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या काय सांगू मग? जाऊ का?"

तोंडात घास होता. तो गिळला आणि म्हटलं, "नका जाऊ."

आयुष्यात मी ह्यांना कशालाही नको म्हटलेलं ते पहिलंच. माझं मलाच नवल वाटलं, किती सोपं होतं ते.

"मागच्या खेपेला का नाही म्हणालीस हे?"

"मागच्या खेपेला मी दारात उभी होते," मी म्हटलं.

तवलीच्या तळाशी केळीच्या पानावर करपलेली काकवी आणि चीजची खरवड राहिली होती. ती त्यांनी नखानं सोडवून माझ्या बाजूला सरकवली. आमच्या घरात खरवड नेहमी माझीच असायची, पण कुणी हातानं काढून दिलेली नव्हती.

सोमवारी ते नेहमीच्या बसनं कामावर गेले आणि नेहमीच्या बसनं परत आले. काय सांगितलं हे मी विचारलं नाही. भाकऱ्या करून ठेवल्या होत्या, पिठलं होतं, कच्चं तेल काढून ठेवलं होतं. ते हातपाय धुऊन आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. मी दोन पाट मांडले होते, समोरासमोर.