दस्तीखालची बोटं

चांदपाशा दलालाला उदगीरकडच्या बैलबाजारात कुणी फारसं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि दलालाच्या बाबतीत ही तारीफच समजावी. तिथं बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांचे उजवे हात एका दस्तीखाली, म्हणजे मोठ्या रुमालाखाली, जातात आणि जितकी बोटं दाबली तितका भाव. भोवती सगळा बाजार लोटला तरी आकडा दोघांतच राहतो. भूकंपात जनावरं भिंतींखाली गेली, तेव्हा पत्र्याच्या शेडात राहणाऱ्या शेतकऱ्यांना याच बोटांनी देवणी बैलांच्या जोड्या मिळवून दिल्या, दलाली न घेता. भरवसा होता तो असा.

पुढं ट्रॅक्टर आले, बाजार आटला. लातुरात क्लासच्या पाट्यांनी आभाळ झाकलं. चांदपाशाचा बाजार मात्र चुकला नाही.

मग लकवा मारला. तोंड सुधारलं, पाय सुधारला, उजवा हात रुसून बसला. चालता आल्याबरोबर हे गृहस्थ बाजारात! दस्तीखाली चार बोटं दाबायची होती, दोनच दाबली गेली. समोरचा बसलिंगप्पा हात झटकून उठला.

"माझी जोडी काय उकिरड्यावरून आणली व्हय?"

दस्तीतला आकडा तोंडानं दुरुस्त करत नसतात आणि डाव्या हातानं सौदा म्हणजे अपमान. चांदपाशा नियमाचा पक्का. तसाच उठून घरी आला. त्यानंतर त्याच्यापुढं कुणी हात केला नाही.

"आता घरात बसून अंडी घालणार का?" असं म्हणत त्याच्या बायकोनं, हाजराबीनं, त्याला लातूरला नेलं.

दवाखाना दोन क्लासांच्या मधे चेंगरलेला. डॉक्टर साक्षी, निलंग्याच्या शेतकऱ्याची लेक. तिनं सरळ सांगितलं, "चाचा, चिरफाड नाही, सुई नाही. हे यंत्र डोक्याला बाहेरून लावायचं. चुंबकाचे ठोके मेंदूतल्या हाताच्या जागेला हलवून उठवतात. मग लगेच हाताचा व्यायाम. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. डोक्यात कुठं लोखंड वगैरे बसवलंय का?"

"लोखंड न्हाई, दगड हाय," हाजराबी म्हणाली.

"हात उजवा, अन् यंत्र डावीकडं?" चांदपाशानं विचारलं.

"मेंदूचा कारभार उलटा असतो चाचा."

"मंजे ह्यांच्यासारखाच," हाजराबी म्हणाली.

तेवढ्यात एका क्लासच्या पोरीचा बाप दारातून डोकावला. "मॅडम, ह्यानं नीटचे मार्क वाढतील का?"

"पोरीला झोपू द्या, त्यानं वाढतील. दार लावा!"

यंत्र टक् टक् करू लागलं, झाडावर सुतारपक्षी बसावा तसं. चांदपाशानं सवयीनं हातावर दस्ती ओढली.

"चाचा, दस्ती काढा. बोट हलतंय का बघायचंय."

"बेटी, बोट असं उघड्यावर हलवत नसतेत."

यंत्र थांबवून साक्षीनं कपाळाला हात लावला. शेवटी तिनंच आपला हात दस्तीखाली घातला. पुन्हा टक्! चांदपाशाचा अंगठा उडाला. तो खुर्चीतच उसळला.

"बरा झालो! चल हाजरा, बाजारला."

"चाचा, ते यंत्रानं दाबलं. आता तुम्ही दाबा."

चांदपाशानं जोर लावला. बोटं दगडासारखी. त्याचा चेहरा पडला.

ठोक्यांनंतर हरभरे वेचायचा व्यायाम होता. तो ऐकून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "मी काय बालवाडीत हाव?"

"बरं, मग मला बैल विका," साक्षी म्हणाली.

त्या दिवसापासून यंत्र झालं की दस्ती पडायची आणि न दिसणाऱ्या बैलांचा सौदा सुरू व्हायचा. एकदा साक्षीनं "चार ना?" असं मोठ्यानं विचारलं.

"तोंड बंद! बाजार उठवशील माझा."

आठवड्यांमागून आठवडे गेले. तिनं बरेच बैल महाग घेतले. त्याची बोटं परत आली. करंगळी तेवढी आली नाही, आणि बाकीची आली तीही गाढवाच्या चालीनं.

पुन्हा बाजार. धर्माबादकडचा श्रीमंत नावाचा शेतकरी जोडी विकायला आलेला. त्याला लकव्याचं काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं हात पुढं केला. गिऱ्हाईक चारला राजी होतं. अंगठा दाबला गेला, मग एक बोट, मग बऱ्याच वेळानं तिसरं. श्रीमंताच्या कपाळावर घाम. हा म्हातारा कसला पेच टाकून राहिलाय, कुणास ठाऊक! शेवटी घाबरून तोच ओरडला, "झाला सौदा!"

भोवतीचे लोक हसले. चांदपाशानं मात्र हात सोडला नाही. चौथं बोट अजून वाटेत होतं.

"आरं चाचा, झाला म्हणलो की!"

"गप उभा ऱ्हा. माझं बोलणं संपलं न्हाई."

आणि अख्ख्या बाजाराला खोळंबून ठेवून त्यानं चौथं बोट आणलं, अन् नीट दाबलं.