वरची पट्टी पांढरी होती

अंघोळ आटोपून भंडाऱ्याच्या दवाखान्यात परत निघालो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आता घाई नका करू... माय गेली."

सुमनबाई, माझी थोरली बहीण. कोंढ्याला राहायची. शुगरमुळे तिचे तळवे बधिर झालेले. आणि मी? जन्मभर सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या तळव्यात काच घुसली, तर तिला पत्ता नाही. अंगणातली रक्ताची पावलं पाहून सुनेनं ओरड केली. मी जाऊन जखम धुतली, गॉज ठेवून पट्टी बांधली. तिलाही शिकवलं. पट्टी रोज सोडायची, जखम पाहायची, धुऊन कोरडी नवी बांधायची. ओली पट्टी म्हणजे जखमेला विष. "आन् बाई, पाण्यात पाय नको टाकू. दुखत नाही, हीच तर बिमारी आहे."

दर रविवारी मी जाऊन पाहायचो. मग धानाची रोवणी लागली. बायांच्या टोळीची ती म्होरकी, घरी कशी बसणार? दोन रविवार मी पट्टीला हात घातला की पाय मागे घ्यायची. "आताच तं बदलली. कायले सोडून पाह्यतं? चहा पे." पट्टी पांढरीशुभ्र होती. मी चहा प्यालो.

तिसऱ्या रविवारी ती तापानं फणफणलेली. मी कात्री लावली. पांढऱ्या पट्टीखाली दुसरी निघाली, मळकी, ओलसर. तिच्याखाली तिसरी... माझ्याच हातची, धानाच्या बांधीतल्या चिखलानं काळी पडलेली. माझ्या डोळ्यांसाठी तिनं वरून नवी गुंडाळली होती. वास आला आणि मला सगळं कळलं. तो वास मी ओळखतो.

भंडाऱ्याला डॉक्टरांनी गुडघ्यावरून पाय कापला, पण विष रक्तात गेलं होतं. शुद्धीत होती तेव्हा एवढंच म्हणाली, "रागावू नको, बाबू. रोवणी दोनच दिवसाची राह्यली होती."

मी काहून सोडली नाही ती पट्टी? दोन गाठींचं तर काम होतं... रोज स्वतःला हेच विचारतो.

तेरवीनंतर शेजारची कमला ओसरीवर येऊन बसली. तिच्या पायावर विळ्याच्या घावाची खूण होती; जखम स्वच्छ भरून आलेली. मी विचारलं, "कोणी केली मलमपट्टी?"

"बाईनंच," ती डोळ्याला पदर लावत म्हणाली. "रोवणीवरून आली का आधी माह्या घरी येई. रोज पट्टी सोडून पाहे, भाऊ. एक दिवस नाही चुकली."